चिनी अक्षरे शिकण्यासाठी २१४ रॅडिकल (शब्दकोशात अक्षरे ज्या ठरावीक भागांखाली लावतात ते) आधी पाठ करावेत का? अक्षरांमागची चित्रे कळली तर ती लक्षात राहतात का?

रॅडिकलची यादी पाठ करू नका आणि प्रत्येक अक्षरात चित्र शोधण्याची सवय तर मुळीच लावून घेऊ नका. त्या सवयीपायी माझे अख्खे वर्ष वाया गेले.

वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला जाण्यापूर्वी मी पुण्यात एका शिकवणीला जात होते. ‘आई’ या अर्थाच्या ‘मा’ या अक्षरात डावीकडे ‘स्त्री’ आणि उजवीकडे ‘घोडा’ असतो. घोडा कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा आई घोड्यासारखी राबते म्हणून, असे उत्तर बाईंनी दिले. मग ‘शिव्या देणे’ या अर्थाच्या ‘मा’मध्येही घोडाच का, यावर ‘आधी पाठ करा’ असे सांगून त्यांनी मला खाली बसवले. घोड्याचा उच्चारही ‘मा’च आहे आणि तो दोन्हीकडे केवळ उच्चार सांगतो, एवढे एक वाक्य मला तेव्हा हवे होते. बहुसंख्य चिनी अक्षरे अशीच घडली आहेत. एक भाग अर्थाची जात दाखवतो, दुसरा उच्चार.

दुसऱ्या वर्षी आम्ही प्रथमच वॉर्डात गेलो, तेव्हा एका आजींच्या पलंगाला अडकवलेल्या कार्डावरचे पहिले अक्षर आम्हाला अनोळखी होते. डावीकडे चंद्रासारखा भाग आणि उजवीकडे सूर्याखाली आडवी रेघ, म्हणजे ‘पहाट’. त्याच शिकवणीत शिकलेल्या माझ्या मित्राने लगेच अर्थ लावला की आजींना रात्रीपासून पहाटेपर्यंत दुखत असावे. मला मात्र तोवर कळले होते की यकृत, फुप्फुस, पाय या शब्दांत डावीकडे दिसतो तो चंद्र नसून ‘मांस’ आहे. आजच्या लिपीत दोन्ही सारखे दिसतात इतकेच. म्हणजे हा शरीराचा अवयव. आणि ‘पहाट’चा उच्चार ‘दान’, म्हणून अवयवाचे नावही ‘दान’च्या जवळचे, अर्थात पित्ताशय. पुढची दोन अक्षरे ‘खडे’ अशी होती. मित्र आजही त्याला नशिबाने लागलेला अंदाज म्हणतो. माझ्या मते ते सरळ वाचन होते.

रॅडिकल हे मुळात शब्दकोशाचे खण आहेत. शू शन या चिनी कोशकाराने इ. स. १०० च्या सुमारास ९,३५३ अक्षरे ५४० शीर्षांखाली लावली. १७१६ च्या खांगशी शब्दकोशात ही शीर्षे २१४ आहेत. अक्षर कोणत्या खणात सापडेल, हे त्यावरून कळते. ते कसे घडले, हे दर वेळी कळत नाही. उगमाच्या बाबतीत तर शू शनसुद्धा चुकला. ‘करणे’ या अर्थाच्या ‘वेइ’ या अक्षरात त्याला माकड दिसले, पण चीनमधल्या आन्यांगजवळ सापडलेल्या, त्याच्याही तेराशे वर्षे आधीच्या हाडांवर त्याच अक्षरात हत्तीची सोंड धरलेला हात आहे. ती हाडे १८९९ पर्यंत अभ्यासकांना ठाऊकच नव्हती. त्यामुळे अशा पुराव्याशिवाय सांगितलेल्या उगमकथेवर मी विश्वास ठेवत नाही.

सूर्य, डोंगर, झाड ही अक्षरे खरोखरच चित्रांतून आली आहेत, हे मान्य. उच्चाराचा भागही कधी दगा देतो: ‘नदी’च्या ‘ज्यांग’मध्ये उच्चारासाठी ‘गोंग’ आहे, कारण प्राचीन काळी ते उच्चार जवळचे होते. पित्ताशयाच्या पारंपरिक (लिपी सोपी करण्यापूर्वीच्या) अक्षरात उजवा भागही निराळा असतो, मात्र तोही उच्चारच दाखवतो.

सुरुवात उच्चाराचा एकच भाग असलेल्या अक्षरांच्या कुटुंबांपासून करा. ‘छिंग’ हा भाग घ्या: पाण्यासोबत तो ‘स्वच्छ’, सूर्यासोबत ‘निरभ्र’, वाणीसोबत ‘विनंती’ आणि हृदयासोबत ‘भावना’ होतो, आणि सूर बदलला तरी उच्चार ‘छिंग’च राहतो. ही चारही अक्षरे एका संध्याकाळी येतात. बाईंच्या वर्गात ती आम्ही चार वेगळ्या आठवड्यांत, चार वेगळ्या गोष्टी जोडून शिकलो होतो.