राफ्टच्या तापमानावरून काँक्रीटची उष्णतावाहकता कशी काढायची?

प्रश्न: २ मीटर जाडीच्या राफ्टमध्ये (पायाच्या सलग काँक्रीट स्लॅबमध्ये) थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टाकून आठ दिवसांची तापमानं घेतली आहेत. त्यावरून उष्णतावाहकता आणि विशिष्ट उष्मा काढायला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?

उत्तर:

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. नुसत्या तापमानावरून वाहकता निघत नाही, विशिष्ट उष्माही नाही. निघतं ते दोघांचं गुणोत्तर: वाहकता भागिले (घनता × विशिष्ट उष्मा), म्हणजे विसरणता, तापमानातला बदल काँक्रीटमधून किती वेगाने पसरतो ते. प्रोग्रामला वरच्या-खालच्या सेन्सरचं तापमान सीमा म्हणून देऊन वाहकता, विशिष्ट उष्मा आणि सिमेंटची उष्णता (सिमेंट घट्ट होताना सुटणारी) तिन्ही दुप्पट करून बघा. आलेख जागचा हलणार नाही. प्रोग्राम मात्र तिन्ही आकडे छापून देतो, कारण त्यातला एक कुणीतरी आधीच अंदाजाने भरलेला असतो.

असाच एक अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता. काळ्या दगडाची (बेसॉल्टची) खडी, आणि वाहकता ३.२ वॅट प्रति मीटर-अंश! बेसॉल्टच्या काँक्रीटला २ च्या आसपास यायला हवी. ३ च्या वर क्वार्टझाइट खडीच्या काँक्रीटची जाते. राफ्ट २ मीटरचा, मध्य पृष्ठभागापेक्षा २० अंश गरम, सेन्सर मध्यावर एक आणि त्याच्या वर-खाली २५ सेंमीवर एकेक. तापमानाचा आलेख परवलयासारखा धरला तर वरचा + खालचा − दोनदा मधला याचं उत्तर उणे २.५ अंश यायला हवं. आलं उणे १.७. मधला थर्मोकपल ०.४ अंश कमी दाखवत होता, एवढंच. दोन महिन्यांनी राफ्ट सगळीकडे सारख्या तापमानाला आला तेव्हाही तो तेवढाच खाली होता. आलेखाचा बाक कमी दिसला की प्रोग्राम वाहकता तेवढी जास्त धरतो; त्या ०.४ ने वाहकता २.१६ वरून ३.२ वर नेली, आणि बैठकीत उत्तर मिळालं की सॉफ्टवेअर आयात केलेलं आहे.

तेच सेन्सर ५०-५० सेंमीवर असते तर अपेक्षित फरक १० अंश झाला असता आणि ती चूक आठ टक्क्यांत बसली असती. म्हणून अंतर मोठं ठेवा. पोअरच्या (काँक्रीट ओतण्याच्या) आधी सगळे थर्मोकपल एकाच बादलीत बुडवून प्रत्येकाची चूक लिहून घ्या. के टाइपच्या थर्मोकपलला दोन अंशांपर्यंतची चूक मान्यच असते. सळईला थेट बांधू नका, मध्ये थर्माकोलचा तुकडा द्या. बांधल्यावर खोली टेपने मोजा, ड्रॉइंगवरून उचलू नका. व्हायब्रेटरने सेन्सर ३ सेंमी सरकला तरी ०.३ अंश गेलेच.

आता विसरणता हवीच असेल तर राफ्टकडून मागू नका, सिलिंडरकडून घ्या. १५० × ३०० मिमीचा सिलिंडर, मध्यभागी थर्मोकपल, गरम पाण्यात एकसारखा तापवून वाहत्या थंड पाण्यात टाका. पहिली काही मिनिटं सोडून द्या. पुढे मध्य आणि पाणी यांतला फरक एक चतुर्थांशावर यायला लागलेले सेकंद मोजा आणि ०.००१२२ ला त्याने भागा. साडेबावीस मिनिटं लागली तर ०.९ × १०⁻⁶ चौरस मीटर प्रति सेकंद. एवढ्याला एक्सेल पुरतं. विशिष्ट उष्मा कॅलरीमीटरने मोजा, नाहीतर १.० किलोज्यूल प्रति किलो-अंश धरा आणि ‘धरला’ असं अहवालात लिहा. विसरणतेला त्याने आणि २४०० किलो प्रति घनमीटर घनतेने गुणलं की वाहकता २.१६.

तुमचे आठ दिवस वाया गेले असं नाही. सिमेंटची उष्णता त्यातून निघेल: विसरणता सिलिंडरची घाला आणि मधल्या सेन्सरवर उष्णता जुळवा. घनमीटरमागे ४०० किलो बाइंडर (सिमेंट आणि त्याच्या जोडीची पूड) आणि किलोमागे ३०० किलोज्यूल असतील तर उष्णता बाहेर न जाता ५० अंश चढेल, त्याच्याशी ताडून बघा.

राहिलं एक. मिक्समध्ये सिमेंटच्या जोडीला फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असेल तर आठव्या दिवशीही उष्णता सुटत असते. राफ्ट सावकाश निवतो आणि नुसत्या थंड होण्याच्या आलेखावरून काढलेली विसरणता कमी येते. शिवाय पहिल्या दिवशीच्या ओल्या काँक्रीटची वाहकता आणि विशिष्ट उष्मा दोन्ही थोडे जास्त असतात, त्यामुळे २८ दिवसांच्या सिलिंडरचा आकडा पहिल्या २४ तासांना तंतोतंत लागू पडणार नाही.