पालक की मटकी? आधी वजन कशाचं केलंय ते बघा

प्रश्न : माझी मुलगी 14 वर्षांची आहे, मागच्या आठवड्यात रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 10.4 आलं, डॉक्टरांनी आयर्नच्या गोळ्या दिल्यात. सासूबाई म्हणतात रोज पालक घाल, रक्त वाढेल. आणि मला मोबाइलवर एक तक्ता आलाय त्यात मटकीत पालकाच्या चौपट आयर्न दाखवलंय. मुलगी पालक बघितला की तोंड वाकडं करते, मटकीची उसळ मात्र मागून खाते. मग पालक बंदच करू का? आणि मटकी मोड आणूनच द्यायची का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तक्ता खोटा नाहीये पण त्यात एक मेख आहे. त्यातली 100 ग्रॅम मटकी ही डब्यातली कोरडी, दगडासारखी मटकी आहे आणि 100 ग्रॅम पालक म्हणजे ज्यात 90 टक्क्यांच्या वर नुसतं पाणीच आहे असा ताजा पालक. कोरड्या 100 ग्रॅम मटकीत 8 ते 10 मिलिग्रॅम आयर्न आणि 20-22 ग्रॅम प्रोटीन निघतं, पालकात आयर्न पावणेतीनच्या आसपास आणि प्रोटीन जेमतेम 2-3 ग्रॅम. पण 100 ग्रॅम कोरडी मटकी एकटी पोर एका जेवणात खाणार आहे का? तिच्या वाटीत येते फार तर 30 ग्रॅम, म्हणजे आयर्न अडीच-तीन मिलिग्रॅम, जवळजवळ 100 ग्रॅम पालकाइतकंच झालं की! प्रोटीनमध्ये मात्र मटकी सरळ जिंकते, 6 ग्रॅम कुठे आणि 2-3 कुठे, आणि सोबत भाकरी असली की दोघींच्या प्रोटीनमधल्या उणिवा एकमेकींत भरून निघतात.

आता खरा मुद्दा, ताटात किती पडलं त्यापेक्षा अंगात किती गेलं. मटकीत फायटेट नावाचं नैसर्गिक द्रव्य असतं, ते आयर्नला धरून ठेवतं, आणि पालकातलं आयर्नही कमीच अंगी लागतं. म्हणून मोड आणायचेच. मोड आल्याने आयर्न वाढतं असं बरेच जण सांगतात, ते चूक, आयर्न तेवढंच राहतं, फक्त फायटेट कमी होतं आणि थोडं सी जीवनसत्त्व तयार होतं त्यामुळे ते जास्त अंगी लागतं. पोटात गॅसही कमी धरतो. रात्री भिजत घाला, सकाळी उपसून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी सकाळी उसळ. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा, शिजताना नको कारण उष्णतेने सी जातं. लोखंडी कढई असेल तर माळ्यावरून काढा, आमसुलासारखं आंबट काही घातलं की कढईचंही थोडं आयर्न उसळीत उतरतं (रंग काळपट होतो, होऊ दे). आणि जेवणाला लागूनच चहा असेल तर तो आधी थांबवा, निदान तासभर तरी, कारण चहा लिंबाची सगळी मेहनत पाण्यात घालतो.

पालक बंद करू नका. फोलेट (हे एक ब जीवनसत्त्व), अ आणि के जीवनसत्त्वासाठी तो चांगलाच आहे, फोलेट तर रक्त तयार व्हायलाही लागतं. फक्त त्यात कॅल्शियम भरपूर म्हणून कुणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका, पालकातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे त्यातलं फारच थोडं अंगी लागतं. भाजी नको म्हणते तर डाळीत बारीक चिरून ढकला किंवा थालीपिठाच्या पिठात मळा, सासूबाईही खूश. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. घरात कुणाला मुतखडा झालेला असेल तर त्यांना पालक कमी वाढा, आणि कुणी रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पालक एकदम वाढवूही नका, बंदही करू नका.

गोळ्या मात्र थांबवायच्या नाहीत हां. या वयाच्या मुलीला दिवसाला साधारण 30 मिलिग्रॅम आयर्न लागतं आणि तुमची एक वाटी उसळ देते तीन, तेही सगळं अंगी लागत नाही. 12 च्या खाली गेलेलं हिमोग्लोबिन नुसत्या उसळीवर वर यायला फार वेळ जाईल. गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर देऊ नका, लिंबू सरबताबरोबर चालेल. शी काळी झाली तर घाबरू नका, गोळीमुळे होते. पाळीत रक्तस्राव जास्त होतोय का तेवढं मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा.