'टॉक रेडिओ'मधल्या बॅरीने स्वतःच मरण ओढवून घेतलं का?

नाही, मला अजिबात तसं वाटत नाही. शेवट तुमच्या प्रश्नातच आलाय, तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

ऑलिव्हर स्टोनचा हा सिनेमा 1988 चा. एरिक बोगोशियनने आपल्याच नाटकातला बॅरी शॅम्प्लेन पडद्यावर उभा केलाय. डॅलसच्या रेडिओवर रात्री फोन घेणारा, समोरच्याला वाट्टेल ते बोलणारा. त्याच्यामागे एक खरा माणूस आहे, डेन्व्हरचा ॲलन बर्ग. ज्यू, पूर्वी वकील. वंशद्वेष्ट्यांची तो रेडिओवर सालटी काढायचा. 18 जून 1984 ला 'द ऑर्डर' नावाच्या गोऱ्या वंशद्वेष्ट्यांच्या टोळीने त्याला घरासमोरच गोळ्या घातल्या. पुढे 1987 मध्ये दोघे दोषी ठरले, तेही त्याच्या नागरी हक्कांचा भंग केला म्हणून. खुनाचा गुन्हा कुणावरच शाबीत झाला नाही. उद्धट सूत्रसंचालक अमेरिकेत ढिगाने होते. बर्गला वेचून मारलं ते तो ज्यू होता आणि त्यांना तोंडावर उत्तरं देत होता म्हणून.

बॅरी भला माणूस नाहीच. त्याची आधीची बायको त्याला सावरायला वेगळ्या नावाने फोन लावते, तर आवाज ओळखूनही तो सगळ्या शहरादेखत तिची लाज काढतो. तो प्रसंग मला बघवत नाही. पण यातल्या कशाचीही शिक्षा गोळी नाही.

मी बेळगावचा. 1 नोव्हेंबर जवळ आला, एकीकडे कर्नाटकचा राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी भाषिकांच्या काळ्या दिवसाची तयारी सुरू झाली, की आमच्याकडे दोन्ही भाषांत असे आवाज चढतात. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे हे सगळं मोबाईलवरच्या लाइव्हमध्ये चालतं. खडेबाजारात चहा पिताना एका फोनवर चौघे वाकून ऐकतात, बोलणाऱ्याला शिव्या घालतात, पण बंद काही करत नाहीत. बॅरीचे श्रोते हुबेहूब असेच आहेत. मग खाली कुणीतरी लिहितं, 'याला घरात घुसून मारा', आणि त्यावर पटापट अंगठे पडतात.

'त्यानेच ओढवून घेतलं' हे वाक्य त्या अंगठ्यांच्याच बाजूचं आहे. बोलणं पटलं नाही तर उलट बोला, पोलिसांत तक्रार द्या, कोर्टात खेचा. मी तसली कमेंट दिसली की तक्रार करतो, मग ती आमच्या मराठी माणसाने लिहिलेली का असेना. त्यावरून घरच्यांशी, मित्रांशी भांडणं झालीत आणि पुढेही होतील.