विसावा साठवता येत नाही

प्रिय बाय,

तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता, दोन्ही वाचले. बेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची, तोवर निम्म्याहून जास्त पगार बाजूला टाकायचा, रविवारी दुसऱ्या कंपनीचं काम करायचं आणि गायनवृंदातलं व्हायोलिन ‘सध्या बंद’. खाली एका ओळीत विचारलंस, की आत्ताच आनंद घेणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का, की ती उधळपट्टी? घरातले मोठे म्हणतात, हे कमवायचं वय, मजा नंतर. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, उद्याचं कोणी पाहिलंय. तू मधल्या मधे अडकलीस.

माझं उत्तर एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. विसावा साठवता येत नाही. पैसा साठवता येतो, बोंबील सुकवून पावसाळ्यासाठी ठेवता येतात. विसावा ज्या त्या आठवड्यातच घ्यावा लागतो. त्या आठवड्यात घेतला नाही तर तो गेला.

आधी तक्त्यातली चूक, कारण ती धोक्याची आहे. महिन्याचा खर्च ३५,००० धरलास, १२ने गुणलास, वर्षखर्चाच्या २५ पट साठली की नोकरी सोडता येते या सूत्राने त्याच्या २५ पट केलीस आणि १ कोटी ५ लाखांवर थांबलीस. पण हा खर्च आजचा आहे. तू सव्वीसची, बेचाळीसला अजून १६ वर्षं आहेत. महागाई ६ टक्के धरली तर ७२ भागिले ६ (दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात त्याचा ढोबळ हिशोब), म्हणजे दर १२ वर्षांनी खर्च दुप्पट. १६ वर्षांनी त्याच ३५,०००चे साधारण ८९,००० होतात आणि तुझ्याच सूत्राने रक्कम २ कोटी ६७ लाखांच्या आसपास जाते. शिवाय ते २५ पटीचं सूत्र अमेरिकेतल्या बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून, ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी बसवलेलं आहे. तुला चाळीसेक वर्षं काढायची आहेत, तीही इथल्या महागाईत आणि इथल्या हॉस्पिटलच्या बिलांत. पीएफच्या पेन्शनवर भिस्त ठेवू नकोस. तिचा हिशोब १५,०००च्या पगारमर्यादेवर होतो: पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. अठरा वर्षं नोकरी झाली तर महिना ३,८५७ रुपये, आणि पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी.

हे वाचून तू काय करशील, ते मला आत्ताच दिसतं आहे. रविवारच्या जोडीला शनिवारही कामाला लावशील आणि बेचाळीसचे अठ्ठेचाळीस करशील. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायातल्या त्या श्रीमंत शेतकऱ्याचं हेच झालं. दाखला तुला पाठ आहे, म्हणून सांगत बसत नाही. दोनच गोष्टी बघ. पीक भरघोस आलं हा त्याचा गुन्हा नव्हता. त्याच्या बोलण्यात माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव एवढंच आहे. शेजारी नाही, राबणारा गडी नाही, देव नाही. दुसरी गोष्ट, ‘आता विसावा घे, खा, पी, आनंद कर’ हे तो जिवाला कधी सांगणार असतो? जुनी कोठारं पाडून मोठी बांधल्यानंतर. ती बांधून व्हायच्या आतच, त्याच रात्री, देवाने त्याचा जीव मागितला. आणि हा दाखला येशूने कोणाला सांगितला? भावाकडून वाटणी मिळवून द्या म्हणत आलेल्या माणसाला. वसईत जमिनीच्या वाटणीवरून कोणाकोणाचं बोलणं बंद झालं आहे, ते तू माझ्याइतकंच जाणतेस.

साठवू नको, असं मी अजिबात म्हणत नाही. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायातली मुंगी उन्हाळ्यात अन्न गोळा करते, आणि घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला पौलाने तीमथ्याच्या पहिल्या पत्रात फार कडक शब्द वापरले आहेत. पण रानातला मान्ना आठव, देवाने इस्राएली लोकांना रोज सकाळी दिलेलं अन्न. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. सकाळपर्यंत ठेवला की किडे पडायचे. सहाव्या दिवशी मात्र दोन ओमर गोळा करायचे, आणि तो रात्रभर ठेवूनही नासायचा नाही, कारण तो शब्बाथाचा, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसाचा होता. साठवण्याला देवाने मुभा दिली ती विसाव्यासाठी, आणि तो विसावा लगेच दुसऱ्या दिवशीचा. तू नेमकं उलट करते आहेस, साठा वाढवायला विसावाच कापते आहेस.

म्हणून तुझ्या बचतीला नावं दे. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे २,१०,००० रुपये, बँकेत हाताशी ठेव. शेअर बाजारात नको. आईबाबा तुझ्या पगारावर अवलंबून आहेत, तेव्हा वर्षाच्या उत्पन्नाच्या दहा-पंधरा पट साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा, काढ. ‘पैसे परत’वाला घेऊ नकोस, हप्ता फुगतो आणि संरक्षण तोकडं पडतं. नोकरी बदललीस की पीएफ काढू नकोस, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) वर्ग कर. सलग ५ वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढलास तर कर लागतो, आणि पेन्शनचा भाग काढून घेतलास तर १० वर्षांची सेवा पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. या तरतुदी नीट झाल्या की उरलेल्या भीतीला नाव उरत नाही, आणि नाव नसलेल्या भीतीसाठी रविवार विकायचा नसतो.

आता आनंदाचं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दशमांशाचा असा नियम आहे की वाचून पुष्कळ भाविक माणसं बुचकळ्यात पडतात. पिकाचा दहावा भाग देवाने निवडलेल्या ठिकाणी न्यायचा. लांब असेल तर विकून पैसे न्यायचे आणि तिथे जिवाला हवं ते घ्यायचं, बैल, मेंढरं, द्राक्षारस, मद्यसुद्धा, आणि घरादारासकट देवासमोर खाऊन आनंद करायचा. वेशीतल्या लेव्याला, म्हणजे देवाच्या मंडपाची सेवा करणाऱ्या वंशातल्या माणसाला, विसरायचं नाही. दर तिसऱ्या वर्षी तो भाग गावातच ठेवायचा. परका, अनाथ, विधवा पोटभर जेवली पाहिजेत. म्हणजे आनंद ही उरल्यासुरल्या पैशाची गोष्ट नाही, तिला हिशोबात आधीपासून जागा आहे.

तुझ्या हातात ८०,००० येतात. महिना ८,००० वेगळ्या खात्यात टाक. वर्षाचे ९६,००० होतात. नियम तीन: एकटीवर खर्च करायचे नाहीत, वर्षअखेरीस उरलेलं पुढे ढकलायचं नाही, आणि तिसऱ्या वर्षीचे सगळे देऊन टाकायचे. आईला वेलंकनीला ने. पालक संताच्या सणाला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना जेवायला बोलव, फुगे (तळलेले गोल पाव) आणि विंदालूची मेजवानी होऊ दे. पहिल्या वर्षी हात आखडतो. ‘हेच फंडात टाकले असते तर’ असं मनात येतं. येऊ दे, खर्च कर.

पण पैशाचा आनंद दुय्यम. मुद्दा रविवारचा आहे आणि इथे मी हटून बसणार. आमच्या पिढीने पोरांना ‘मिस्सा (देवळातली रविवारची उपासना) चुकवू नको’ एवढंच सांगितलं. मिस्सेनंतरचा दिवस कसा राखायचा ते शिकवलं नाही. दहा वाजता देवळातून आलं की दिवस मोकळा सुटतो आणि काम आत शिरतं. याची मला खंत आहे. धर्मग्रामातले काही म्हणतात, याचं आता सगळं झालं, म्हणून याला विसावा सुचतो. मला ते मान्य नाही. शब्बाथाची आज्ञा देवाने सिनाय डोंगरावर दिली ती पेन्शनरांना नव्हे, नुकत्या गुलामीतून सुटलेल्या, घर ना शेत अशा लोकांना दिली. ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनाच सांगितलं की सातवा दिवस राखा.

रविवार शनिवारीच उभा करायचा असतो. शनिवारी दिवेलागणीआधी काम आवर, सोमवारचं पहिलं काम कागदावर लिही, लॅपटॉप बॅगेत आणि बॅग कपाटावर. कागदावर लिहिणं टाळू नकोस. नाही लिहिलंस तर रविवारी संध्याकाळी सातपासून तेच डोक्यात घोळतं. बाजार, इस्त्री, मसाला वाटणं शनिवारी. विंदालू शनिवारीच शिजव, व्हिनेगरमुळे ते दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं. रविवारी फक्त भात आणि बेकरीचे पाव. हे मी चवीसाठी सांगत नाही. आपल्या घराघरांत रविवार म्हणजे आई मिस्सेहून येऊन पदर खोचून दोन वाजेपर्यंत चुलीपुढे. अनुवादाचा पाचवा अध्याय काढ: दासालाही, दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे, बैलालाही. आईच्या राबण्यावर उभा राहिलेला रविवार देवाला नको आहे.

दुपारी कोणाकडे तरी जा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ अर्धा तास बस, नाहीतर भुईगावच्या किनाऱ्यावर चालून ये. रिकामी दुपार फोन भरून काढतो. पहिले काही रविवार चार वाजले की हात शिवशिवेल आणि वेळ वाया गेल्यासारखं वाटेल. सवय मोडताना असंच होतं, विसाव्यात खोट नसते. नर्स, मोटरमन यांना रविवारी ड्यूटी असते, त्यांनी दुसरा वार ठरवावा. शनिवार संध्याकाळची मिस्सा त्यांना चालते. विहिरीत पडलेल्या बैलाला शब्बाथ दिवशी वर काढावंच लागतं. पण तुझा दुसऱ्या कंपनीचा क्लायंट विहिरीत पडलेला नाही.

‘सोळा वर्षं सलग राबेन आणि मग एकदमच विसावेन’ असं तू लिहिलंस. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळ्याला विचार. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी वर ओढतात, जाळी दुरुस्त होतात, इंजिन खोलतात, आणि त्या दिवसांत समुद्रात माशांची वीण होते. सोळा वर्षं बंदी न पाळता सतराव्या वर्षापासून बत्तीस महिने सलग पाळली तर चालेल का? तोवर जाळ्यात यायला मासाच उरणार नाही. तुझ्या बाबतीतही तेच. सोळा वर्षं विसावा न घेतलेल्या माणसाला बेचाळिसाव्या वर्षी विसावा घेता येत नाही, ती सवयच मेलेली असते. मग निवृत्त माणसं गच्चीवर येरझारा घालतात आणि घरच्यांवर चिडतात.

निवृत्तीबद्दल शास्त्रात स्पष्ट असं एकच ठिकाण आहे, बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाचा आठवा अध्याय. लेवी पंचविसाव्या वर्षी सेवेत यायचा, पन्नासाव्या वर्षी जड कामातून मोकळा व्हायचा, पण मंडपात भावांना मदत करत राहायचा. खांद्यावरचा भार उतरायचा, माणसं सुटायची नाहीत. आपल्याकडे धर्मगुरूही ७५ पूर्ण झाल्यावर बिशपांकडे राजीनामा देतात, मिस्सा अर्पण करणं मात्र चालूच राहतं. म्हणून बेचाळीसला नोकरी सोडायची असेल तर सोड, माझी हरकत नाही. पण कशासाठी आणि कोणाबरोबर, तो रकाना तुझ्या तक्त्यात रिकामा आहे. आपला वसईचा संत गोन्सालो गार्सिया जम बसलेला व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संन्यासी झाला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर गेला. ‘चाळिशीनंतर बघू’ म्हणाला असता तर?

या महिनाअखेरीस त्या दुसऱ्या कंपनीला रविवारचं काम बंद करत असल्याचं लिहून कळव. व्हायोलिनच्या तारा बदलून घे, खाऱ्या हवेत पडून त्या गंजल्या असतील. आणि आईबाबांच्या आरोग्यविम्याचा फॉर्म भरताना बाबांचा डायबेटिस लपवू नकोस. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं, पण लपवला तर ऐन वेळी दावा नाकारतात. फॉर्म पाठवण्याआधी मला दाखव.