'आमची' जेईई आणि तिचा आयो

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला 94 टक्के होते. आमची जेईईची तयारी चालू आहे. पण ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपवर गुरू ग्रहाच्या आणि त्याच्या कुठल्याशा चंद्राच्या फोटोंना रंग देत बसते. टेस्टचे मार्क घसरलेत. दिवाळीपासून लॅपटॉप कपाटात कुलूप लावून ठेवलाय. आधी आयआयटीत एरोस्पेस करू, मग इस्रो, असं आम्ही ठरवलंय. हे वेड कसं घालवावं? नमुना म्हणून तिची एक प्रिंट सोबत पाठवतोय.
– एक वडील, सातारा

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मार्कांची मला फारशी काळजी वाटली नाही. अकरावीत क्लासच्या टेस्टचे मार्क उतरतात, ही घरोघरची गोष्ट आहे. मी अडखळले ते 'आम्ही' या शब्दावर. आमची तयारी, आम्ही ठरवलंय, एरोस्पेस करू. अख्ख्या पत्रात मुलगी काय म्हणते याचं एक वाक्य नाही. ती काही बोललीच नाही, की बोललेलं तुम्ही ऐकलं नाही? या वयाची मुलगी गप्प झाली की घरच्यांना वाटतं, शहाणी झाली. अशा 'शहाण्या' झालेल्या मुली माझ्यासमोर येऊन बसतात, आणि त्यांनी मान वर करून बोलावं यातच पहिला अर्धा तास जातो. लॅपटॉप कुलपात गेल्यापासून तुमची लेक जेवताना किती बोलते, हे जरा आठवून बघा.

तुम्ही तक्रारीचा पुरावा म्हणून पाठवलेली प्रिंट मी खिडकीपाशी नेऊन नीट पाहिली. मागे गुरूचे पट्टे, पुढे त्याचा पिवळसर चंद्र, आयो. आयोच्या अंधाऱ्या कडेजवळ एक पांढरा ठिपका आहे. त्याभोवती तिने पेन्सिलीने गोल केलाय आणि बारीक अक्षरात लिहिलंय, 'ज्वालामुखी? का कॅमेऱ्याचा डाग? पुढच्या फ्रेममध्ये बघणे.' ही नोंद तुम्ही वाचली होती का? गुरूभोवती किरणोत्सर्ग इतका तीव्र आहे की वेगवान कण कॅमेऱ्याच्या चिपवर आदळून असे ठिपके उमटतात. ज्वालामुखी असेल तर तो पुढच्या फ्रेममध्येही चंद्राला धरून राहील, कण असेल तर गायब होईल. हवं ते समोर दिसत असतानाही ही मुलगी हात आखडून शंका घेते. हे मी पदवीच्या मुलांमध्येही क्वचित पाहते.

आता 'रंग देत बसते' या गैरसमजाबद्दल. नासाचं जुनो यान 2016 साली गुरूपाशी पोचलं आणि 30 डिसेंबर 2023 रोजी आयोपासून साधारण 1,500 किलोमीटरवरून गेलं. हे यान स्वतःभोवती मिनिटाला सुमारे दोन फेऱ्या मारतं, त्यामुळे त्याचा कॅमेरा आपल्या मोबाइलसारखा एका झटक्यात फोटो काढत नाही. लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून तो अरुंद पट्ट्या टिपतो, आणि त्या कच्च्या पट्ट्या नासा सगळ्यांना खुल्या करते. दिसायला नुसत्या काळ्या-पांढऱ्या चिंध्या. एका पट्टीपासून दुसरीपर्यंत यान वळलेलं असतं, पुढे गेलेलं असतं. खाली गुरूही फिरलेला असतो, त्याचा दिवस दहा तासांहून लहान. हा सगळा हिशेब करून पट्ट्या जुळवल्या तरच रंग जागेवर बसतात, नाहीतर आयोच्या कडेला लाल-निळी झालर येते. म्हणजे रात्री दोन वाजता तुमची मुलगी त्रिकोणमिती करत होती. आणि उजेड कमी-जास्त करण्याचं म्हणाल, तर मार्च 1979 मध्ये नासाच्याच व्हॉयेजर-1 यानाच्या मार्गाचं गणित पाहणाऱ्या लिंडा मोराबितो या इंजिनिअरने तेच केलं होतं. मागचे अंधूक तारे दिसावेत म्हणून तिने फोटोचा उजेड वाढवला आणि आयोच्या कडेला छत्रीसारखा ढग दिसला. कॅमेऱ्याचा दोष असेल का, मागे दडलेला दुसरा चंद्र असेल का, हे तपासल्यावर कळलं की तो अडीचशे किलोमीटरहून उंच उडालेला ज्वालामुखीचा फवारा आहे. पृथ्वीबाहेर सापडलेला तो पहिला जागता ज्वालामुखी.

एरोस्पेस या मुलीसाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे यान बांधायला शिकवतात. हिला यानाने काय पाहिलं ते वाचायचंय. त्यासाठी भौतिकशास्त्र नाहीतर भूशास्त्र. जेईई, आयसर या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेसाठी नेस्ट ही परीक्षा, यांचे अर्ज वेळेत भरा; बीएस्सीनंतर एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा आहेच. भूशास्त्र म्हटल्यावर कृपा करून नाक मुरडू नका. तुमच्या डोक्यावरचा अजिंक्यतारा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या दगडांच्या मधोमध कुठे कुठे तांबडी रेघ दिसते. एक लाव्हा थंड होऊन त्याची माती झाली आणि त्यावर दुसरा आला, त्याची ती खूण. आयोवर चारशेहून जास्त ज्वालामुखी आजही असाच लाव्ह्यावर लाव्हा ओतताहेत. साताऱ्याच्या मुलीला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

ग्रहविज्ञानात आपल्याकडे जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, इस्रोची काही केंद्रं, काही संशोधन संस्था. पण प्रतिमा वाचणारी नजर तिथेच अडकत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी कुठवर पसरलं, ते ढगांच्या आरपार पाहणाऱ्या रडार उपग्रहांच्या प्रतिमांतूनच समजलं.

जागरणाबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. रात्री अकराला लॅपटॉप बंद, हा नियम घाला आणि पाळायला लावा. पण लॅपटॉप आजच परत द्या, आणि देताना मार्कांची अट घालू नका. रविवारी सकाळी तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि पट्ट्या कशा जुळवतात ते तिला दाखवायला सांगा.

प्रिंटच्या कोपऱ्यात तिने तारीख घातली आहे, वसुबारसेच्या आदल्या दिवसाची. पुढची फ्रेम तिला बघायला मिळाली, की त्याआधीच कपाटाला कुलूप लागलं, तेवढं तिला विचारा आणि मला कळवा.