समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ, उंची आणि एक समांतर बाजू दिली असेल तर दुसरी समांतर बाजू कशी काढायची? बाकीच्या दोन बाजूही निघतात का?

क्षेत्रफळाची दुप्पट करा, उंचीने भागा, दिलेली बाजू वजा करा. झालं. पण 'उंची' म्हणून काय धरलंय ते आधी पाहा. तिथेच आमचे जवळपास ५६ चौरस फूट गेले.

नागपुरात हुडकेश्वरकडे बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा मी नववीत होतो. क्षेत्रफळ १३९२ चौरस फूट, समोरची बाजू ३६. नकाशाच्या झेरॉक्सवर मागच्या बाजूचा आकडा नेमका घडीवर आलेला, वाचताच येईना. डावीकडे शेजाऱ्याची जुनी तिरपी भिंत. उजवीकडचा मागचा हद्दीचा दगड नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपात गडप.

मे महिन्याच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावांनी, त्या भिंतीलगत टेप लावला. ५० फूट. २७८४ भागिले ५० म्हणजे ५५.६८, वजा ३६, उरले १९.६८. मिस्त्रीला सांगून मोकळे. मी म्हटलं, "मोठेबाबा, ही तिरपी बाजू आहे. मागच्या कोपऱ्यातून समोरच्या लाइनवर लंब टाका ना, मिस्त्रीकडे काटकोन धरायचा गुण्या आहे."

"तू टेप धर ना बे गुपचूप."

लंब ४८ होता. २७८४ भागिले ४८ म्हणजे ५८, वजा ३६, बावीस फूट. मागे कंपाउंड जवळपास दोन फूट चार इंच आत आलं. दोन वर्षांनी नाला साफ करताना दगड निघाला, बरोबर बावीसवर. मोठेबाबा म्हणाले, "दगड सरकला असन." तोवर पलीकडच्यांनी त्या पाचरीत शेवगा लावला होता. शेंगा पाठवतात दरवर्षी, खोटं कशाला बोलू.

मोठेबाबांना भास्कराचार्यांचा भारी अभिमान, लग्नकार्यात 'लीलावती'च्या गोष्टी सांगतात. त्यात समांतर बाजूंच्या बेरजेच्या निम्म्याला लंबानेच गुणायला सांगितलंय, तेवढं वाचायचं राहिलं.

हो, समोरची आणि मागची बाजू समांतर नसेल तर वरचं सगळं रद्द. आणि खरा प्लॉट असेल तर आकडेमोड सोडा, भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा.

बाकीच्या दोन बाजू एवढ्यावरून निघत नाहीत. मागची बाजू डावीउजवीकडे सरकवली तरी क्षेत्रफळ तेच राहतं, तिरप्या बाजू मात्र बदलतात. एका बाजूला काटकोन असेल तर निघतात. आमच्याकडे उजवीकडे होता: ३६ वजा २२ म्हणजे १४, १४ आणि ४८ वरून पायथागोरसने ५० येतात. म्हणजे मोठेबाबांनी टेप बरोबर वाचला होता. तेवढं मी मान्य करतो.