चौथी भाषा झेपेल का? वेल्समधल्या द्विभाषिक शाळेत गेलेल्या एका मराठी मुलीची गोष्ट

“मुलीच्या डोक्यावर आधीच मराठी, हिंदी, इंग्रजी आहे. त्यात आता ही वेल्श. घरी मराठी बोलणं बंद केलं तर तिचा भार कमी होईल का? की सरळ शाळाच बदलून टाकू?” नोकरीसाठी ब्रिटनमधल्या वेल्समध्ये गेलेल्या मराठी डॉक्टर आणि नर्स कुटुंबांकडून हा प्रश्न थोड्याफार फरकाने आमच्याकडे नेहमी येतो. वेल्श ही तिथली स्थानिक भाषा. पुढचं प्रकरण त्यातलंच एक. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वडील डॉक्टर, मूळचे साताऱ्याकडचे. जानेवारीत सगळे पश्चिम वेल्समधल्या केरेडिग्यॉन परगण्यात राहायला गेले. समुद्र फार लांब नाही, पण आजूबाजूला सगळी मेंढ्यांची कुरणं. मुलगी बारा वर्षांची, सातवी अर्ध्यावर सोडून तिथल्या इयर एटमध्ये बसली. २०२१ च्या जनगणनेत संपूर्ण वेल्समध्ये वेल्श बोलणारे १७.८ टक्के होते, केरेडिग्यॉनमध्ये ४५.३ टक्के. म्हणजे अशा भागातल्या शाळेत वेल्श हा नुसता तासाचा विषय नसतो. बसमध्ये, जेवणाच्या रांगेत, खेळताना ती सतत कानावर पडते.

ईस्टरच्या सुट्टीत आईवडिलांनी आमच्याशी संपर्क केला. मुलगी शाळेत बोलत नाही, घरी एका शब्दात उत्तरं देते, विज्ञानात गुण घसरलेत. उपाय त्यांनी सुरू केले होते. घरात फक्त इंग्रजी बोलायची. शाळेच्या बसचा पन्नास मिनिटांचा प्रवास करून मुलगी आली की वेल्शची ऑनलाइन शिकवणी, रोज एक तास, त्यात व्याकरणाचे तक्ते. वडिलांच्या मनात एक इंग्रजी माध्यमाची शाळाही होती, वीस-बावीस मैलांवरची.

पहिल्या भेटीत एकच गोष्ट आधी विचारली: ती मराठीत कुणाशी बोलते का? आई म्हणाली, “हो, शनिवारी साताऱ्याच्या मावसबहिणीशी तासभर बोलते. मध्ये मध्ये हसणं ऐकू येतं.” हे उत्तर फार मोलाचं होतं. नव्या भाषेत गेलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतं. ऐकतं, साठवतं, चुकण्याची भीती ओसरली की बोलतं. ही अवस्था अपेक्षितच असते. काळजी केव्हा करायची? मूल आपल्या भाषेतही गप्प झालं, जेवण-झोप बिघडली, शाळेत जायलाच नको म्हणू लागलं, की थांबायचं नाही. वेल्समध्ये ११ ते १८ वयाच्या मुलांसाठी आणि इयर सिक्समधल्या मुलांसाठी स्वतंत्र समुपदेशनाची सोय करणं २०१३ च्या शिक्षण कायद्याने स्थानिक परिषदांना बंधनकारक आहे. शाळेतून ते मागता येतं. या मुलीला त्या घडीला त्याची गरज दिसली नाही.

मग तिला आठवडाभर एक नोंद ठेवायला सांगितली. प्रत्येक तासापुढे चार रकाने: शिकवण्याची भाषा कोणती, किती कळलं (शून्य ते चार), शेजारी कोण बसलं, आणि आपण एकदा तरी तोंड उघडलं का. मधली सुट्टी, जेवण आणि बस यांनाही एकेक ओळ. पालकांनी ती वही आठवडाभर उघडायची नाही, एवढी एकच अट.

वहीतून निघालं ते आईवडिलांच्या अंदाजापेक्षा वेगळं होतं. गणित आणि विज्ञान तिला इंग्रजी तुकडीत होतं. इतिहास, भूगोल, चित्रकला मिश्र वर्गात. शिक्षक दोन्ही भाषांत बोलत, फळ्यावरही दोन्ही भाषा. वेल्शच्या तासाला नवख्या मुलांचा छोटा गट होता आणि तिथे तिने स्वतःला चारपैकी तीन दिले होते. शून्य पडले होते ते सकाळच्या हजेरीला, प्रार्थनेच्या सभेला आणि जेवणाच्या सुट्टीला. सूचना वेल्शमध्ये व्हायच्या, मुलं उठून कुठेतरी निघायची, ही मागे राहायची. जेवताना पाच दिवसांपैकी चार दिवस एकटी.

विज्ञानाची घसरण तर वेल्शमुळे नव्हतीच, तो तास इंग्रजीतच होता. साताऱ्याला ती सेमी-इंग्लिशला होती. विज्ञान इंग्रजीतून शिकली होती, पण प्रश्नोत्तरं पाठ करून. इथे चाचणीत विचारत होते: हा प्रयोग तू कसा करशील? काय बदलशील, काय मोजशील, काय तेवढंच ठेवशील? हे लिहायची तिला सवय नव्हती. त्यासाठी दर आठवड्याला एकच प्रयोग याच तीन प्रश्नांच्या क्रमाने लिहायचा, असं ठरलं. मे महिन्यापर्यंत तो प्रश्न बराचसा सुटला होता.

सेमी-इंग्लिशचा मुद्दा इथे थोडा रेंगाळून सांगायला हवा. ही मुलगी दोन भाषांतून विषय शिकण्यात मुळीच नवखी नव्हती. भूगोल मराठीतून आणि गणित इंग्रजीतून, हे ती वर्षानुवर्षं करत होती. आईवडिलांना ते इतकं अंगवळणी पडलेलं की त्यांनी ते तिच्या जमेच्या बाजूला धरलंच नव्हतं. एका भाषेत वाचून दुसऱ्या भाषेत मांडायची पद्धत तर वेल्समधल्याच शाळांमध्ये जाणीवपूर्वक घडवली गेली. शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये वेल्समधल्याच बँगोरच्या विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात तिला नाव दिलं. पुढे ट्रान्सलँग्वेजिंग म्हणून जगभर वापरात आला तो हाच विचार. मग त्यातून मराठी वगळायची कशाला?

घरातली मराठी परत आणा, हा आमचा पहिला आणि ठाम सल्ला होता. आईचं इंग्रजी कामापुरतं उत्तम. पण रागावणं, समजूत काढणं, शेजारणीची नक्कल करणं हे सगळं तिला मराठीत येतं. भाषा बदलल्यावर घरातलं बोलणं ‘डबा धुतलास का’, ‘अभ्यास झाला का’ एवढ्यावर आलं होतं. मूल गप्प झाल्यासारखं दिसत होतं, त्यात या आटलेल्या बोलण्याचाही वाटा होता. विषयातली समज ज्या भाषेत पक्की होते, तिथून ती दुसऱ्या भाषेत नेता येते. भाषा काढून घेतल्याने डोक्यात जागा मोकळी होत नाही.

रोजची शिकवणी बंद केली. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर वाक्यातल्या जागेप्रमाणे बदलतं. मांजर म्हणजे ‘काथ’. ‘माझं मांजर’ म्हणताना त्याचं ‘ङ्हाथ’ होतं, ‘त्याचं मांजर’ म्हणताना ‘गाथ’. पहिल्या वर्षी याचे तक्ते घोकून मूल बोलायचं थांबतं, कारण तोंड उघडण्याआधी तक्ता आठवावा लागतो. ते रूप चुकलं तरी समोरच्याला कळतं. वाचन मात्र लवकर जमवता येतं, कारण लिपी रोमन असली तरी उच्चार बऱ्यापैकी नियमित आहेत: एक एफ म्हणजे व, दोन एफ म्हणजे फ, डब्ल्यू बहुतेक वेळा ऊ, आणि जोर सहसा शेवटून दुसऱ्या अक्षरावर. दोन एल मिळून होणारा, जीभ टाळूला लावून बाजूने हवा सोडण्याचा आवाज तेवढा कानाने शिकावा लागतो. हे नियम पंधरा दिवसांत बसले आणि निदान हजेरीच्या खोलीतली सूचनापाटी ती मोठ्याने वाचू लागली.

शिकवणीच्या जागी तीन रकान्यांची वही आली: वेल्श, इंग्रजी, मराठी. एका वेळी दोनच विषय, प्रत्येकी आठ ते दहा शब्द, तेही पुढच्या आठवड्यात येणाऱ्या धड्याचे. धडा होऊन गेल्यावर शब्द गोळा करणं, ही पालकांची नेहमीची चूक. तासाला बसताना कानाला ओळखीचे सात-आठ शब्द लागले तर बाकीचं वाक्य अंदाजाने उलगडतं. नंतर ते कामाचे राहत नाहीत. रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं, तोंडी. भूगोलात किनारपट्टी येणार होती, तेव्हा बालभारतीच्या संकेतस्थळावरून सातवीचं भूगोलाचं पुस्तक मोफत उतरवून तिने भरती-ओहोटीचा धडा मराठीत पुन्हा वाचला, मग ओहोटीला ‘त्राइ’ लिहिलं. शालेय संज्ञांचा वेल्श-इंग्रजी कोश ऑनलाइन आहे, त्यामुळे शब्दांसाठी शिक्षकांवर अवलंबून राहावं लागलं नाही.

शाळेला पालकांनी ईमेल लिहिली, वर्षप्रमुखांच्या नावाने. मुलीची व्यथा दोन ओळींत आणि पाच प्रश्न. कोणता विषय कोणत्या भाषेत, आणि तुकडी कधीपर्यंत बदलता येते? उशिरा आलेल्या मुलांसाठी परिषदेच्या भाषाकेंद्रात जागा आहे का? (वायव्य वेल्समधल्या ग्विनेद परगण्यात अशी केंद्रं १९८४ पासून चालतात, मूल साधारण एक सत्र तिथे सघन वेल्श शिकतं आणि आपल्या शाळेशी धागाही राखतं.) पुढच्या धड्यांची नावं आधी मिळतील का? जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या आपल्या दहावीसारख्या परीक्षेला, वेल्शची कोणती पातळी घ्यावी लागेल? हजेरीला शेजारी बसणारी एखादी मुलगी नेमता येईल का? पाचव्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. भाषाकेंद्रात सप्टेंबरच्या सत्रात जागा मिळाली.

उत्तरात शाळेने जादा आधाराचा उल्लेख केला होता. वडील घाबरले: आपल्या मुलीला ‘स्पेशल’ म्हणतायत का? वेल्सचा २०१८ चा कायदा याबाबत स्वच्छ आहे. घरची भाषा शाळेपेक्षा वेगळी आहे, एवढ्याच कारणाने मुलाला शिकण्याची अडचण आहे असं धरता येत नाही. भाषेचा आधार हा वेगळा विषय. याची उलट बाजूही पालकांनी ध्यानात ठेवावी: मूल मराठी वाचनातही दुसरी-तिसरीपासून अडखळत असेल, तर नव्या भाषेवर दोष टाकून वर्ष घालवू नये. शाळेतल्या अतिरिक्त अध्ययन गरजांच्या समन्वयकाला लगेच भेटावं.

शाळा बदलण्याचं काय? दोन गोष्टी वडिलांना ठाऊक नव्हत्या. वेल्समधल्या प्रत्येक सरकारी अनुदानित शाळेत वेल्श सोळा वर्षांपर्यंत सक्तीची आहे. शाळा बदलून ती सुटत नाही, तासांचं प्रमाण तेवढं कमी होतं. आणि माध्यमिकची मोफत बस मिळते ती घरापासून तीन मैल किंवा जास्त लांब असलेल्या, सर्वांत जवळच्या योग्य शाळेसाठी. त्यापलीकडची शाळा निवडली तर रोजची ने-आण बहुधा आपल्याच गाडीने. शिवाय गावातल्या मुली एका बसने जाणार आणि ही दुसरीकडे. मुलीलाच विचारलं तेव्हा ती म्हणाली, “बाबा, मला परत नवीन नको.” विषय तिथे संपला.

मैत्री मात्र शाळेच्या बाहेर जमली. ग्रामीण वेल्समध्ये मुलांची घरं एकमेकांपासून मैलोन्‌मैल लांब असतात. सहज खेळायला जाणं होत नाही. म्हणून यंग फार्मर्स क्लब आणि १९२२ पासून चालणारी ‘ईर्ध’ ही वेल्श मुलांची संघटना यांना फार महत्त्व आहे. यंग फार्मर्समध्ये दहाव्या वर्षापासून घेतात, शेती असायलाच हवी असं नाही. नाटक, गाणं, वक्तृत्व, जनावरांची पारख असं सगळं चालतं. हजेरीला शेजारी बसणारी मुलगी तिला तिथे घेऊन गेली. बोलण्याआधी तिने समूहगान गायलं, आणि गप्प मुलांसाठी ही वाट फार चांगली, कारण गाण्यात चूक एकट्याची दिसत नाही. आईनेही प्रौढांसाठीचा सुरुवातीचा वेल्श वर्ग लावला. लेक तिचे उच्चार सुधारते.

आता ती इयर टेनमध्ये आहे. सप्टेंबर २०२५ पासून वेल्समध्ये नव्या जीसीएसई सुरू झाल्या. त्यात ‘कोअर कम्राइग’ (कम्राइग म्हणजे वेल्श भाषा) आणि भाषा-साहित्याची वरची पातळी, असे दोन रस्ते होते. शिक्षिकांचं मत वरच्या पातळीकडे झुकत होतं, तिने कोअर निवडलं. आम्हालाही ते योग्य वाटलं. गप्पा मारता येऊ लागल्या म्हणजे निबंधाची, अभ्यासाची भाषा आली असं नसतं. ती भाषा यायला पाच-सात वर्षं लागू शकतात. भूगोलाचा पेपर ती इंग्रजीत देणार आहे. वेल्श की इंग्रजी हे विषयागणिक ठरवता येतं.

वडिलांची आताची काळजी सोळाव्या वर्षानंतरची आहे. लहान ग्रामीण शाळेत भौतिकशास्त्राला तीन-चारच मुलं असली तर वर्ग चालेल का? त्यासाठी केरेडिग्यॉनमध्ये सुरू झालेली ई-स्गोल ही व्यवस्था आहे, ज्यात एका शाळेतला शिक्षक अनेक शाळांच्या मुलांना थेट ऑनलाइन शिकवतो. सोळाव्या वर्षानंतर कोणते विषय शाळेत आणि कोणते ई-स्गोलवर, हे इयर इलेव्हनच्या पहिल्या सत्रातच विचारून घ्या, असं त्यांना सांगितलं आहे.